रिपोर्टेड स्पीच: 'सन सेड दॅट आय गेव्ह द टॅबलेट' यात माझं चुकलं काय?

रात्रपाळी

नमस्कार. प्रश्न व्याकरणाचा आहे, पण परीक्षेचा नाही, नोकरीचा आहे. हसू नका.

मी स्टाफ नर्स आहे. बारावीपर्यंत मराठीतून शिकले. पुढे नर्सिंगची पुस्तकं इंग्रजीत होती आणि बोलणं मात्र मराठीतच. ड्युटी संपताना नोट्स इंग्रजीत लिहाव्या लागतात. औषधं, बीपी, टेम्परेचर हे सगळं हातात बसलंय. पेशंट किंवा नातेवाईक काय म्हणाले हे लिहायची वेळ आली की माझी गाडी अडते.

गेल्या आठवड्यात नाइट होती. एका आजोबांचा मुलगा सकाळी साडेसहाला मला सांगून गेला, "सिस्टर, बीपीची गोळी मी दिली हं त्यांना, आमच्याजवळची होती." मी नोटमध्ये लिहिलं, 'सन सेड दॅट आय गेव्ह द बीपी टॅबलेट.' आणि घरी जाऊन झोपले.

दहाच्या सुमारास इनचार्ज सिस्टरांचा फोन. "गोळी तू दिलीस तर चार्टवर सही कुठे आहे? आणि ट्रेमधली गोळी तशीच कशी?" म्हटलं, मी दिलीच नाही. "मग हे काय लिहिलंयस?" त्यांनी वाक्य वाचून दाखवलं. खरं सांगते, झोपेत असल्यामुळे असेल, पण मला त्यात चूक ऐकूच आली नाही. 'मुलगा म्हणाला की मी गोळी दिली.' मराठीत शेंबड्या पोरालाही कळेल की गोळी मुलाने दिली! सिस्टरांनी आजोबांच्या मुलाला विचारलं म्हणून दुसरी गोळी गेली नाही.

दुसरा प्रकार त्याआधीचा. सोमवारी रात्री साडेअकराला लिहिलं होतं, 'डॉटर टोल्ड दॅट शी विल कम टुमारो विथ ओल्ड रिपोर्ट्स.' डॉक्टरांनी ते मंगळवारी सकाळी राउंडला वाचलं. टुमारो म्हणजे बुधवार असं समजून ते पुढे गेले, आणि ती बिचारी मंगळवारी दोन तास रिपोर्ट्स मांडीवर घेऊन बाहेर बसून राहिली.

शाळेत हे 'डायरेक्ट-इनडायरेक्ट' म्हणून शिकले होते. अवतरण चिन्हं काढा, दॅट घाला, सेड टू चं टोल्ड करा, इजचं वॉज करा. मार्क पण मिळायचे. मग लिहिताना असं का होतं? आणि प्रश्न विचारलेला असेल तर तो कसा लिहायचा? परवाच लिहिलंय: 'पेशंट आस्क्ड दॅट वेन विल आय गेट डिस्चार्ज?' आता हेही चूकच असणार.

दहावीचा क्लास

ताई, नियम सोपा आहे. सर्वनामांसाठी एस-ओ-एन लक्षात ठेवा, म्हणजे 'सन'. पहिला पुरुष सब्जेक्टप्रमाणे बदलतो, दुसरा पुरुष ऑब्जेक्टप्रमाणे, तिसऱ्यात नो चेंज. तुमच्या वाक्यात सब्जेक्ट सन आहे, म्हणून 'आय'चं 'ही' होणार: 'द सन सेड दॅट ही हॅड गिव्हन द टॅबलेट.' साधा भूतकाळ होता, तो पूर्ण भूतकाळ झाला. विलचं वुड, कॅनचं कुड, मेचं माइट, मस्टचं हॅड टू. नाऊचं देन, टुडेचं दॅट डे, टुमारोचं द नेक्स्ट डे, यस्टर्डेचं द प्रीव्हियस डे, अगोचं बिफोर, हिअरचं देअर. त्रिकालाबाधित सत्य असेल तर काळ बदलायचा नाही, 'द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन' तसंच राहतं. रिपोर्टिंग व्हर्ब, म्हणजे 'सेड'सारखं सांगण्याचं क्रियापद, वर्तमानात असेल तरीही काळ बदलत नाही. एवढा तक्ता भिंतीवर लावा, चूक होणार नाही.

(तुमच्या वाक्यात सब्जेक्टच 'सन' निघाला, हा योगायोग वर्गात सांगणार आहे!)

मिनिट्सवाला

क्लासवाल्या सरांचा तक्ता बरोबर आहे, पण रात्रपाळीताईंना तो पाठ होताच, तरी चूक झाली. म्हणून थोडं लांबण लावतो.

मी बावीस वर्षं बैठकांची इतिवृत्तं लिहिली. ऑफिसात त्यांना मिनिट्सच म्हणतात. मिनिट्स म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत रिपोर्टेड स्पीच. कोण काय म्हणाला, कुणी हरकत घेतली, कुणी काय कबूल केलं. आणि गंमत अशी, की तिथे कुणी तुम्हाला आधी अवतरण चिन्हातलं वाक्य देऊन 'चेंज द नॅरेशन' म्हणत नाही. समोर माणूस मराठीत बोलत असतो आणि आपण थेट इंग्रजीत लिहीत असतो. शाळेत एका इंग्रजी वाक्याचं दुसरं इंग्रजी वाक्य करायला शिकवतात. ताई, तुम्ही मराठी वाक्याचं इंग्रजी करत होता आणि मराठीची वळणं सोबत घेऊन आलात. तक्त्याला त्याचा पत्ताच नाही.

मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण त्याच्या तोंडाने बोलतो. 'मुलगा म्हणाला की' इथे आपण बाजूला झालो आणि मुलगा बोलायला लागला. पुढचा 'मी' त्याचा, 'उद्या' त्याचा, 'इथे' त्याचं. मध्ये 'की' असला तरी पुढे सगळा त्याचाच आवाज असतो. इंग्रजीत अवतरण चिन्हं काढली की ही सोय संपते. तिथे पहिल्या शब्दापासून पूर्णविरामापर्यंत लिहिणाराच बोलत असतो. त्यामुळे आय म्हणजे लिहिणारा, टुमारो म्हणजे लिहिण्याच्या दिवसानंतरचा दिवस, हिअर म्हणजे लिहिणारा बसलाय ती जागा.

करून बघा. तुमच्या वाक्यातलं 'सन सेड दॅट' बोटाने झाका. उरलं काय? 'आय गेव्ह द बीपी टॅबलेट.' खाली सही कुणाची? तुमची. इनचार्ज सिस्टरांनी काही वेगळं वाचलं नव्हतं.

हीच बोटाची युक्ती उलट्या बाजूनेही चालते. समजा आजोबांच्या मुलीने तुम्हाला विचारलं, "तुम्ही डॉक्टरांना फोन केला का?" आता लिहा: 'शी आस्क्ड इफ आय हॅड कॉल्ड द डॉक्टर.' इथला आय बरोबर, कारण फोन करणाऱ्या खरोखर तुम्हीच. म्हणजे रिपोर्टेड स्पीचमध्ये आय येतच नाही असं नाही. तो तुमच्याशिवाय कुणाचा असू शकत नाही, एवढंच.

आणि एस-ओ-एनने न सुटणारी एक अडचण. 'द सन सेड दॅट ही हॅड फीवर.' ताप कुणाला, मुलाला की आजोबांना? व्याकरण निर्दोष, नोट निरुपयोगी. अशा वेळी सर्वनामाचा नाद सोडायचा आणि नाम पुन्हा लिहायचं: 'द सन सेड दॅट द पेशंट हॅड फीवर.' शाळेत पुनरुक्ती म्हणून गुण कापले असते. कापू द्यात.

माझे पहिले वरिष्ठ माझ्या मसुद्यात वी, हिअर, नाऊ, नेक्स्ट वीक असे शब्द दिसले की लाल पेनाने गोल करायचे आणि समासात एकच शब्द लिहायचे: 'कोण?', 'कुठे?', 'केव्हा?' काळ चुकला तर ते स्वतः दुरुस्त करायचे, काही बोलायचे नाहीत. गोल दिसला की मात्र कागद परत.

आता प्रश्न कसा लिहायचा ते. "मला घरी कधी सोडणार?" असं आजोबांनी विचारलं. मराठीत 'त्यांनी विचारलं की' म्हणतो, म्हणून हाताला लगेच 'आस्क्ड दॅट' येतं. आस्कनंतर असा दॅट नको. वेन, व्हाय, व्हेअर असा प्रश्नशब्द असेल तर तोच जोडणीचं काम करतो. प्रश्नशब्द नसेल, म्हणजे मराठीत नुसता 'का' असेल, तर इफ किंवा वेदर. दुसरं, वाक्य साध्या विधानासारखं सरळ चालतं: आधी कर्ता, मग क्रियापद. 'वेन वुड ही बी' नाही, 'वेन ही वुड बी'. डू, डझ, डिड गळून पडतात आणि प्रश्नचिन्हही जातं, कारण तुम्ही आता प्रश्न विचारत नाही, विचारला होता असं सांगताय. मिळून: 'द पेशंट आस्क्ड वेन ही वुड बी डिस्चार्ज्ड.' तुमच्या वाक्यात बऱ्याच चुका होत्या, पण सगळ्या एकाच मराठी वाक्यातून आल्या होत्या.

सेड आणि टोल्ड. टोल्डला लगेच पुढे माणूस लागतो, कुणाला सांगितलं तो. 'डॉटर टोल्ड दॅट' लंगडं, 'डॉटर टोल्ड मी दॅट' किंवा 'डॉटर सेड दॅट' ठीक. 'सेड मी' नाही. याच घरातल्या दोन चुका मी मोठमोठ्या साहेबांच्या मसुद्यात पाहिल्यात: 'एक्सप्लेन्ड मी' आणि 'सजेस्टेड मी टू'. एक्सप्लेन्ड टू मी म्हणा. सजेस्टला तर माणूस आणि टू ही जोडी मुळीच चालत नाही. 'द डॉक्टर सजेस्टेड अॅन एक्सरे' किंवा 'सजेस्टेड डूइंग अॅन एक्सरे'. माणूस हवाच असेल तर अॅडव्हाइज्ड वापरा: 'अॅडव्हाइज्ड हिम टू स्टॉप स्मोकिंग.'

आश्चर्य, आनंद, दुःख यांवर शाळेत आख्खं पान असतं, 'एक्सक्लेम्ड विथ सॉरो दॅट'. बावीस वर्षांत एकदाही लिहावं लागलं नाही. पुढे चला.

जुनी सिस्टर

अगं, तुझी पोस्ट वाचून माझे सुरुवातीचे दिवस आठवले. मिनिट्सवाल्यांनी व्याकरण छान सांगितलंय, मी फक्त वॉर्डातलं सांगते.

एक, क्लासवाल्या सरांनी टुमारोचं 'द नेक्स्ट डे' सांगितलं, ते परीक्षेला. नोटमध्ये तेही लिहू नकोस. वाचणाऱ्याला आधी तुझ्या नोटची तारीख बघायची, मग मोजायचं, आणि राउंडला कुणी मोजत बसत नाही. त्यात रात्री बारा ओलांडले की तुझा आजचा दिवसच बदलतो. तारीख आणि चोवीस तासांची वेळ लिही. 'शी सेड शी वुड ब्रिंग द रिपोर्ट्स ऑन' आणि पुढे तारीख. संपलं.

दोन, पेशंटचे शब्द महत्त्वाचे असतील तर रिपोर्टेड स्पीच करूच नकोस. अवतरण चिन्हात घाल. पेशंट जे सांगतो ते आणि आपण जे बघतो ते वेगळं ठेवायचं, हे तुला शिकवलं असेलच. एक आजी म्हणाल्या होत्या, "छातीत पाखरू फडफडतंय." मी घाईत 'चेस्ट पेन' लिहिलं. दुखत नव्हतं गं त्यांना, धडधडत होतं. पुढची चौकशीच वेगळ्या वाटेने गेली असती, पण डॉक्टरांनी स्वतः पुन्हा विचारलं म्हणून निभावलं. त्यानंतर अशा वेळी मी पेशंटचं वाक्य आहे तसं मराठीत, अवतरणात लिहायची आणि पुढे इंग्रजीत अर्थ. कुणी नावं ठेवली नाहीत.

तीन, जुन्या केसपेपरवर 'पेशंट डिनाइज फीवर', 'कम्प्लेन्स ऑफ हेडेक' असं दिसेल. डिनाइज म्हणजे पेशंट नाकबूल करतोय, काही लपवतोय असा आरोप नाही. विचारलं, नाही म्हणाला, इतकंच. आणि ही क्रियापदं वर्तमानात आहेत म्हणून पुढचा काळ मागे सरकवावा लागत नाही. 'स्टेट्स दॅट ही हॅज नो अॅलर्जीज.' घाईच्या नोटला हे सोपं पडतं. पण एकाच नोटमध्ये एकदा स्टेट्स, एकदा स्टेटेड असं करू नकोस.

आणि त्या मुलाला सांग, वॉर्डात आपल्याजवळच्या गोळ्या परस्पर द्यायच्या नसतात. ते तुझ्या इंग्रजीपेक्षा महत्त्वाचं आहे.

रात्रपाळी

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मिनिट्सवाले सर, ते बोटाने झाकायचं आज ड्युटीवर करून बघितलं. चक्क दोन 'आय' सापडले! जुनी सिस्टर, मुलाला त्याच दिवशी सांगितलंय, आणि चांगलंच सांगितलंय.

अजून विचारते. एका पेशंटला पेनिसिलिनची अॅलर्जी आहे. 'ही सेड दॅट ही वॉज अॅलर्जिक टू पेनिसिलिन' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटणार नाही का, की पूर्वी होती, आता नाही? मला वॉज लिहायला हात धजत नाही. आणि 'ही सेड ही हॅड हॅड फीवर' यात एक हॅड चुकून दोनदा पडलाय असं वाटून मी नेहमी खोडते.

'सकाळपासून पोट दुखतंय' याचंही सांगा. मी 'सेड दॅट स्टमक इज पेनिंग सिन्स मॉर्निंग' लिहिते. इजचं वॉज केलं की झालं का?

मिनिट्सवाला

शेवटचं आधी. नाही, वॉज करून भागणार नाही, कारण चूक बदलण्यात नसून मूळ वाक्यात आहे. 'सकाळपासून दुखतंय' हा मराठीत वर्तमान आहे. इंग्रजीत सिन्स आला की हॅज बीन लागतं: 'माय स्टमक हॅज बीन हर्टिंग सिन्स मॉर्निंग.' पेनिंग आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, लिहिताना हर्टिंग बरं. मग एक पायरी मागे: 'ही सेड हिज स्टमक हॅड बीन हर्टिंग सिन्स मॉर्निंग.' मराठीतल्या 'पासून'वाल्या वाक्याला आधी मनात हॅज घाला, मगच मागे सरका.

वॉजबद्दलची शंका रास्त आहे. सेडच्या मागून आलेला वॉज 'आता नाही' असं म्हणत नाही. तो फक्त सेडच्या पावलावर पाऊल टाकतो. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून अॅलर्जी गेली असं वाटत नाही. तरी गोष्ट अजून खरी असेल तर इज लिहायला मोकळीक आहे. 'ही सेड दॅट ही इज अॅलर्जिक टू पेनिसिलिन', अगदी बरोबर. यात एक बारीक छटा आहे. इज लिहिलंत की तुम्हीही त्या गोष्टीच्या बाजूने थोड्या उभ्या राहता. वॉज लिहिलंत की 'तो असं म्हणाला बुवा' इतकंच. मिनिट्समध्ये मी हा फरक मुद्दाम वापरायचो. खजिनदार म्हणाले पैसे पुरेसे आहेत, तिथे माझा नेहमी वॉज! तुमच्या जागी मी इज लिहीन, अॅलर्जीच्या बाबतीत अंतर राखून काय मिळवायचंय?

हॅड हॅड खोडू नका. पेशंट म्हणाला "मला ताप आहे", तर 'ही सेड ही हॅड फीवर.' पेशंट म्हणाला "मागच्या आठवड्यात ताप होता", तर 'ही सेड ही हॅड हॅड फीवर द वीक बिफोर.' पहिला हॅड काळ मागे नेतो, दुसरा म्हणजे ताप 'असणं'. एक खोडलात तर मागच्या आठवड्याचा ताप आजचा होतो. पुढे वेळ स्पष्ट लिहिली असेल तर एका हॅडवर भागतं, बोलताना इंग्रजही तसंच करतात. नोटमध्ये दोन्ही ठेवा.

दहावीचा क्लास

वर एक राहिलं. आज्ञेसाठी टोल्ड किंवा ऑर्डर्ड आणि पुढे टू, नकारासाठी नॉट टू. मनाई असेल तर फॉरबेड. आणि मस्टचं हॅड टू होतं, त्यामुळे मस्ट नॉटचं डिडन्ट हॅव टू होईल.

मिनिट्सवाला

सर, थांबा! शेवटचं वाक्य मागे घ्या, हा धागा वॉर्डात वाचला जातोय.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले, "रात्री बारानंतर पाणीसुद्धा प्यायचं नाही." ताईंनी लिहिलं, 'द डॉक्टर सेड ही डिडन्ट हॅव टू ड्रिंक वॉटर आफ्टर मिडनाइट.' याचा अर्थ काय झाला? बारानंतर पाणी प्यायची गरज नाही, प्यायचं असेल तर प्या! मनाई होती, तिची 'सक्ती नाही' अशी सूट झाली. मस्टचं हॅड टू होतं ते होकारात. मस्ट नॉट तसंच ठेवा, नाहीतर 'वॉज नॉट टू ड्रिंक', नाहीतर सरळ 'टोल्ड हिम नॉट टू ड्रिंक एनीथिंग आफ्टर मिडनाइट.' शुड, कुड, वुड, माइट हेही बदलत नाहीत, ते आधीच मागे सरकलेले असतात.

फॉरबेडबद्दल: त्याच्या पोटात 'नको' आहेच. 'फॉरबेड हिम नॉट टू ड्रिंक' म्हटलं की दोन नकार मिळून पाणी पाजायला सांगितल्यासारखं होतं.

दहावीचा क्लास

मान्य. चूक माझी. फळ्यावर इतकी वर्षं फक्त 'आय मस्ट गो' हेच उदाहरण घेतलं, नकारी कधी घेतलंच नाही. मूळ प्रतिसाद बदलत नाही, म्हणजे पुढच्याला चूक कुठे होते ते दिसेल.

इति

मी संस्कृतवाली, जरा आडवाटेने येते. मिनिट्सवाल्यांनी 'आपण त्याच्या तोंडाने बोलतो' असं म्हटलं, ती सवय फार जुनी आहे. संस्कृतात 'अहं गच्छामि इति सः अवदत्'. मी जातो, असं तो म्हणाला. शब्दाला शब्द ठेवून बघा, 'इति'च्या जागी आपला 'असं' बसतो. बोलणाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं ठेवायचं आणि शेवटी इति लावायचं. म्हणजे इति हेच मिटणारं अवतरण चिन्ह. मराठीतला 'म्हणून'सुद्धा हेच काम करतो: 'येतो म्हणून सांगून गेला.' आपली खरी अवतरण चिन्हं अलीकडची. इंग्रजी विरामचिन्हं मराठीत रूढ करण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात, म्हणजे १९व्या शतकातली गोष्ट. ज्या 'की'मुळे आपल्याला हे इंग्रजी 'दॅट'सारखं वाटतं, तो फारसीतून आलेला. कपडे दॅटचे, आत इति! म्हणून 'की'नंतरही 'मी' बोलणाऱ्याचाच राहतो.

इंग्रजीत काळ मागे सरकतो त्याला ऑटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने बॅकशिफ्टिंग म्हटलं. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

आणि एक विचारते, रात्रपाळी, तुमच्याकडे 'म्हणे' कसं लिहिता? 'त्यांना पूर्वी फिट आली होती म्हणे.' कोण म्हणे, ते कुणालाच ठाऊक नसतं.

जुनी सिस्टर

'म्हणे' वॉर्डात चालत नाही गं बाई. कोण म्हणालं ते शोधायचं आणि त्याचं नातं लिहायचं. 'अॅज रिपोर्टेड बाय द पेशंट्स वाइफ.' नाही सापडलं तर लिहायचं नाही, हँडओव्हरला तोंडी सांगायचं.

इति

इंग्रजीत अपेरन्टली आहे, पण तुमचं ऐकून तो सुचवत नाही.

रात्रपाळी

आजच्या रात्रीच्या नोटमधली वाक्यं टाकते, बघा. सही करण्याआधी विचारतेय, नंतर नाही!

'२३:१० वाजता. द पेशंट सेड दॅट ही हॅड बीन कफिंग सिन्स मॉर्निंग.'

'द सन सेड दॅट ही हॅड गिव्हन द पेशंट नो टॅबलेट्स टुडे.'

'द डॉक्टर टोल्ड मी नॉट टू गिव्ह एनीथिंग बाय माउथ.'

'द पेशंट्स वाइफ आस्क्ड मी वेन वुड द डॉक्टर कम.'

मिनिट्सवाला

पहिलं आणि तिसरं उत्तम. दुसऱ्यात टुडे आहे, आणि बाराला पन्नासच मिनिटं उरलीत. तारीख घाला. तो 'ही' मात्र मुलगाच, कारण पेशंट शब्द तुम्ही वेगळा लिहिलात, शाबास. चौथ्यात वुड अजून प्रश्नाच्याच जागी उभा आहे. 'वेन द डॉक्टर वुड कम.'

रात्रपाळी

दोन्ही दुरुस्त केली. डॉक्टर कधी येणार ते मात्र त्या बाईंना अजून सांगता आलेलं नाही. फोन लावते.